शांत जलाशयात कयाक / कनू : पहिल्यांदाच जाणार आहोत, कुठून सुरुवात करू?

काठावरची :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय म्हणून शेवटी धागाच काढते. आम्ही तिघं, मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक, एका धरणाच्या जलाशयात कयाकिंग नाहीतर कनोइंग (म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या नावा) सुरू करायचं म्हणतोय. पाणी अगदी संथ असतं, सकाळी तर नुसता आरसा. ती दोघं चांगलं पोहतात, मला जेमतेम येतं, म्हणजे काठाकाठाने पोहते पण पाय टेकत नाहीत म्हटलं की छातीत धडधडायला लागतं. माझी खरी भीती अशी की कयाक उलटली, पाय आत अडकले आणि मी पाण्याखाली डोकं करून तशीच राहिले तर? असा एक व्हिडिओ बघितला होता तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. बाकी मग कयाक बरी की कनू, तिघांना एकत्र जाता येईल का, किती लांब जायचं, अंगावर काय घालायचं.. प्रश्न बरेच आहेत, ज्याला जे माहीत आहे ते सांगा प्लीज.

नाखवा :
आधी त्या भीतीचं बघू, कारण ती डोक्यात असेपर्यंत वल्हं नीट हातात धरवणारच नाही. कयाक दोन प्रकारच्या. एक सिट-इन, जिच्या पोटात पाय लांब करून बसायचं. दुसरी सिट-ऑन-टॉप, ही वरून पूर्ण बंद, आतून पोकळ, आपण तिच्या पाठीवर बसतो. हिच्यात अडकायला जागाच नाही, उलटली की तुम्ही एकीकडे पाण्यात आणि नाव दुसरीकडे. बसायच्या जागी आरपार भोकं असतात त्यातून वर आलेलं पाणी आपलं आपण खाली निघून जातं, उपसत बसायला नको. तुमच्यासाठी हीच, दुसरा विचार करू नका. सिट-इनमध्येसुद्धा तोंड मोठं असेल आणि कमरेभोवती ते स्प्रे स्कर्टचं झाकण लावलेलं नसेल तर उलटल्यावर माणूस बहुतेक वेळा आपोआपच बाहेर पडतो. झाकण लावायचं असेल तर मात्र पुढचा पट्टा ओढून ते सोडवायची सवय कुणी जाणकार शेजारी उभा असताना आधी करून घ्यावी लागते. शांत पाण्यात नवख्याला ते झाकण लागतच नाही त्यामुळे तो विषय इथेच सोडा.

रुंदीकडे बघा. ७५ ते ८५ सेंटीमीटर रुंद आणि तीन-साडेतीन मीटर लांब नाव नवख्याला बरोबर पडते. शर्यतीच्या कयाक याच्या जवळपास निम्म्या रुंदीच्या असतात, त्या पळतात जोरात पण नवीन माणूस त्यात बसल्या बसल्या कलंडतो. रुंद नाव हळू चालते, चालू दे, तुम्हाला कुठे शर्यत लावायचीय.

आणि आता या सगळ्यात मला जी गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते ती. पहिल्या दिवशी कुठेही जायचं नाही. कंबरभर पाण्यात नाव न्यायची आणि मुद्दाम उलटायची, स्वतःहून, हसतखेळत, आणि परत चढायचं. परत उलटायचं, परत चढायचं. पाच-सहा वेळा झालं की तुमच्या डोक्यातला तो व्हिडिओ निघून जाईल, कारण तुमच्या अंगाला कळलेलं असेल की पडल्यावर पुढे काय होतं. लोक आधी वल्हं मारायला शिकतात आणि पडायचं शिकायचं राहूनच जातं, मग पहिल्यांदा पडतात ते थेट मधोमध, खोल पाण्यात.

पाणकोंबडी :
नाखवा यांना +१००. परत चढायची पद्धत मी जरा सविस्तर लिहिते कारण ऐकायला सोपी वाटते आणि पहिल्यांदा बहुतेकांना जमत नाही. नाव उपडी पडली असेल तर आधी सरळ करायची, तिच्या बुडावरून हात घालून पलीकडची कड किंवा पट्टा पकडायचा आणि आपल्याकडे ओढायचा, लागलं तर गुडघा अलीकडच्या कडेला टेकवायचा. मग बसायच्या जागेच्या बरोबर शेजारी यायचं, टोकाकडून चढायला जाऊ नका. आता चूक इथे होते, माणूस पाण्यात उभा लोंबकळत हातांच्या जोरावर स्वतःला वर खेचायला बघतो, त्याने नाव अंगावर येते आणि परत उलटते. त्याऐवजी पाय मागे पाण्याच्या वर येतील असे जोरात मारायचे, अंग आडवं झालं पाहिजे, पोहताना असतं तसं, आणि त्या झोकातच नाव आपल्या पोटाखाली ओढून घ्यायची. वर चढायचं नाही, नाव खाली सरकवायची. आधी पोट, मग कूस बदलून बूड जागेवर, आणि पाय सर्वात शेवटी. बूड टेकलं की काम झालं, मग दोन्ही पाय बाहेर पाण्यात सोडून दम खाल्ला तरी चालतो, उलट त्याने नाव स्थिर राहते.

काठावरची, तुम्हाला हाताचा जोर कमी पडेल असं वाटत असेल तर एक पट्ट्याचा फास मिळतो, नावेला अडकवायचा आणि त्यात पाय रोवून जिन्याच्या पायरीसारखं चढायचं. तोही कंबरभर पाण्यातच करून बघा.

सहज_सुचलं :
एवढं घाबरवू नका त्यांना, शांत जलाशय आहे, नदी नाही की समुद्र नाही. मी वीस वर्षं पोहतोय, लाइफ जॅकेट घालत नाही, मागे दोरीत खोचून ठेवतो, गरज पडली तर घेता येतं. उन्हाळ्यात ते घालून वल्हं मारणं म्हणजे नुसता घाम.

नाखवा :
सहज_सुचलं, तुमच्या पोहण्याबद्दल शंका नाही पण खोचून ठेवलेल्या जॅकेटबद्दल आहे. एकदा खोल पाण्यात उतरून ते जॅकेट घालून बघा, शांत पाण्यात, कुणीतरी जवळ असताना. तरंगणारी वस्तू अंगाखाली जात नाही, बाह्यांमधून वर वर येते, बकल ओल्या हाताने सापडत नाही. आणि पडला असाल तेव्हा वल्हं एका हातात, नाव वाऱ्याने निघालेली, त्यात हे. पोहता येणारा माणूस पण डोक्याला नाव लागली किंवा पायात गोळा आला तर पोहू शकत नाही. म्हणून जॅकेट अंगावर, सगळे पट्टे आवळलेले, नावेत बसायच्या आधी. दोन्ही खांद्यांना धरून दुसऱ्याने वर ओढून बघायचं, हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे.

काठावरची, यात एक बारकावा आहे आणि तुमच्यासाठी तो महत्त्वाचा. कयाकवाले जे आखूड, खांदे मोकळे ठेवणारं जॅकेट घालतात ते साधारण ५० न्यूटनचं असतं (न्यूटन म्हणजे तरंगवून धरायच्या जोराचं माप), आयएसओ १२४०२ या मानकाच्या पाचव्या भागातलं. ते पोहता येणाऱ्यासाठी असतं, मदत जवळ असेल तेव्हासाठी, बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. १०० न्यूटनच्या जॅकेटला मानेमागे कॉलर असते आणि तोंड वर राहावं अशीच त्याची रचना असते. वल्हवताना ते थोडं अडचणीचं होतं हे खरं, पण तुमचं पाय न टेकण्याचं जे आहे ते जाईपर्यंत मी तुम्हाला तेच घ्या म्हणेन. लेकीचं जॅकेट तिच्या वजनाप्रमाणे, आतल्या लेबलवर किलो लिहिलेले असतात ते वाचून घ्या. वाढत्या अंगाचं म्हणून मोठं घेऊ नका.

दोघं_एका_नावेत :
सगळे कयाकबद्दलच बोलताय, मी कनूची बाजू मांडतो, आम्ही नवराबायको कनूवालेच.

फरक सोपा आहे. कयाकमध्ये पाय पुढे लांब करून खाली बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. कनू वरून उघडी, त्यात आडव्या पट्टीवर उंच बसायचं किंवा गुडघे टेकायचे, आणि वल्ह्याला एकच पातं, वरच्या टोकाला आडवी मूठ. दोन्हींचा जन्मच वेगळ्या कामासाठी झालाय. कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट वगैरे लोकांनी शिकारीसाठी केली, वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं शिवलेलं, थंड पाणी आत येऊ नये म्हणून वरून बंद. उत्तर अमेरिकेतल्या जंगलातल्या लोकांची कनू बर्च झाडाच्या सालीची, सामान आणि माणसं वाहायला, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात खांद्यावर उचलून न्यायला हलकी. म्हणून आजही कनूत जागा भरपूर, तुम्ही तिघं एका कनूत मावाल. पाच मीटरच्या आसपास लांबीच्या कनूत दोघं मोठे दोन टोकांना आणि लेक मधे खाली बसलेली, वजनही खालीच राहतं. ऑलिंपिकमध्ये दोन्ही १९३६ च्या बर्लिनपासून आहेत. के म्हणजे कयाक, सी म्हणजे कनू, पुढचा आकडा माणसांचा, त्यामुळे सी-२ दिसलं की समजायचं दोघं जण एका नावेत. तिथले सरळ शर्यतीतले कनूवाले एका गुडघ्यावर असतात, बघा कधी.

आता अडचण. एकाच बाजूला वल्हं मारलं की नाव दुसऱ्या बाजूला वळणार, हे आलंच. दोघं असाल तर दोघांनी विरुद्ध बाजूंना मारायचं, पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने त्याच्या तालावर मारायचं आणि दिशा सांभाळायची. दिशा मागच्याच्याच हातात असते हे आधी ठरवून घ्या, आमची सुरुवातीची सगळी भांडणं यावरूनच झाली, पुढे बसून बायको दिशा सुधारायला जायची आणि मागे मीही, नाव बिचारी जागेवर गोल. मागच्याने जे-स्ट्रोक शिकायचा, म्हणजे वल्हं कमरेपर्यंत आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा, पातं नावेला समांतर होतं, आणि मग थोडंसं बाहेर ढकलायचं. पाण्यात इंग्रजी जे अक्षर उमटतं. जमायला दोन-तीन दिवस जातात पण एकदा जमला की नाव दोरीवरून चालल्यासारखी सरळ जाते आणि तो आनंद कयाकवाल्यांना कळायचा नाही, माफ करा पण मनापासून सांगतोय.

डुगडुगतंय वाटलं की लगेच गुडघे टेका. वजन खाली आलं की कनू शांत होते, लगेच फरक कळतो. उभं राहून जागा बदलायची नाही, अजिबात नाही.

काठावरची :
बापरे किती छान लिहिताय सगळे. आडव्या अंगाने चढायचं ते वाचून जरा धीर आला. कनूत तिघांना जाता येईल हे तर माहीतच नव्हतं. वल्हं कसं धरायचं ते कुणी सांगेल का, आणि "शांत पाणी" म्हणजे नक्की किती शांत, कधी जायचं नाही हे कसं ओळखायचं?

पाणकोंबडी :
वल्हं मी सांगते, पाण्याचं निळाईला सांगू दे, तिला त्याचा अनुभव आहे.

कयाकचं वल्हं रुंद नावेला साधारण २२० ते २४० सेंटीमीटर लांब लागतं, नाव जितकी रुंद तितकं लांब, नाहीतर दर वेळी बोटं नावेच्या कडेला घासतात. वल्हं डोक्यावर ठेवा, दोन्ही कोपर काटकोनात आले की तीच हातांची जागा. मग समोर धरून पातं बघा. त्याला एक बाजू खोलगट असते ती तुमच्याकडे, आणि बऱ्याच वल्ह्यांच्या पात्याची एक कड लांब एक आखूड असते, लांब कड वर. निम्मे नवीन लोक वल्हं उलटं धरून तासभर दमतात आणि त्यांना कुणी सांगतच नाही. मूठ सैल ठेवा, करंगळीजवळची बोटं तर जवळजवळ मोकळीच. घट्ट आवळलं की अर्ध्या तासात मनगट भरून येतं.

वल्हं पाण्यात घालायचं ते पायाच्या बोटांपाशी, काढायचं कमरेपाशी. त्याच्या मागे ओढलं तर नाव पुढे जात नाही, नुसती वळते आणि पाणी वर उचललं जातं. आणि हाताने ओढायचं नाही, कमरेपासून वरचं अंग वळवायचं. तुमच्या जॅकेटची समोरची चेन आहे ना, ती प्रत्येक स्ट्रोकला डावीकडे उजवीकडे बघितली पाहिजे. चेन सरळ समोरच बघत असेल तर तुम्ही दंडाने वल्हवताय आणि लवकर दमणार. ज्या बाजूला वल्हं पाण्यात आहे त्या बाजूचा पाय पुढच्या आधाराला दाबायचा. पातं नीट बुडलं तर आवाज येत नाही, फार तर हलकं डुब्, फसफस आवाज आणि बुडबुडे येतायत म्हणजे पातं पूर्ण बुडायच्या आधीच ओढताय.

एक लहान गोष्ट, वल्ह्याच्या दांडीवर दोन्हीकडे रबराच्या चकत्या असतात. पातं वर गेलं की पाणी दांडीवरून ओघळत तुमच्या मांडीवर येतं ते तिथे अडतं. त्या सरकून मुठीपाशी आल्या असतील तर पात्याकडे सरकवून घ्या. आणि तरी मांड्या भिजणार, शांतपणे भिजू द्या.

वळायला रुंद अर्धवर्तुळ, पायापासून नावेच्या शेपटापर्यंत, पातं पाण्याच्या वरच्या थरातच. थांबायला उलटं वल्हं, लहान लहान, आलटून पालटून, चार वेळा.

निळाई :
पाण्याचं म्हणजे वाऱ्याचं, जलाशयावर सगळा खेळ वाऱ्याचा. माझंच सांगते. सकाळी पाणी सपाट, मी एकटी, वारा पाठीशी अगदी मंद, इतका की कळलाही नाही, मला वाटलं आज माझंच वल्हं छान चाललंय. अर्धा तास मस्त गेले आणि वळले. वळल्याबरोबर तोंडावर वारा. आधी वाटलं थोडं जोर लावू, मग बघते तर काठावरचं एक झाड मी समोर धरलेलं ते दहा मिनिटं झाली तरी तिथेच. थांबलं की मागे जायचे. छोट्या छोट्या लाटा, गुडघाभरही नाहीत, पण नाव जरा आडवी झाली की कडेवरून आत. शेवटी सरळ काठ गाठला आणि नाव दोरीने ओढत चिखलातून चालत आले, पाणी उतरलेलं होतं त्यामुळे काठ म्हणजे पोटरीभर गाळ, तासाचा रस्ता झाला. अंगावर जॅकेट होतं, फोन मात्र गाडीत.

तेव्हापासून माझे नियम. निघताना वाऱ्याच्या तोंडाने जायचं, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी. वारा कळत नसेल तर पाच मिनिटं वल्हं मांडीवर ठेवून नुसतं बसायचं आणि नाव कुठे वाहते ते बघायचं. काठापासून लांब जायचं नाही, जितकं पोहून येऊ शकू तितकंच अंतर, काठाकाठाने फिरण्यात मजा पण जास्त असते, पक्षी दिसतात, झाडांची मुळं दिसतात. आणि पाण्यावर इथे तिथे पांढरे फेसाचे तुरे दिसायला लागले की नवख्याने काठावर. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजणीत ती पायरी ३ ची, ताशी १२ ते १९ किलोमीटर वारा. जमिनीवर आपण याला छान झुळूक म्हणतो, कयाकमध्ये तो भरपूर होतो.

धरणाचा जलाशय बहुतेक वेळा लांबट असतो, दोन्हीकडे डोंगर. वारा त्या घळीतून सरळ वाहतो आणि लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतोय आणि पाण्यावरून किती लांबून येतोय यावर ठरतं. त्यामुळे एकाच वेळी वरच्या टोकाला पाणी सपाट आणि भिंतीकडच्या टोकाला लाटा असं होऊ शकतं. उन्हाच्या दिवसात दुपारकडे वारा वाढतो, म्हणून पहाटे-सकाळी जा आणि वारा उठायच्या आत परत या. ढगांचा गडगडाट ऐकला की लगेच बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच परत.

नाखवा :
निळाईने लिहिलं त्यात धरणाचं म्हणून जे वेगळं आहे ते जोडतो. भिंत, सांडवा, पाणी उचलायचा मनोरा, यांच्या जवळपास जायचं नाही. वरून पाणी निश्चल दिसतं पण खालच्या दारातून उपसा चालू असला की ओढ असते, आणि सांडव्यावरून पाणी जात असेल तर जवळ गेल्यावर वल्ह्याच्या जोरावर परत फिरता येत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांची रांग असते ती हद्द, "पाणी तर शांत दिसतंय" म्हणून ओलांडायची नाही. धरण म्हणजे कुणाच्या तरी ताब्यातलं, बऱ्याच ठिकाणी पिण्याचं पाणी, तेव्हा नाव उतरवायची परवानगी आहे का ते आधी विचारा.

दुसरं, पातळी. धरणाचं पाणी वरखाली होत राहतं. मागच्या वेळी ज्याच्यावरून गेलात तो झाडाचा बुंधा या वेळी वीतभर पाण्याखाली असतो. बुडालेली झाडं, जुने बांध, तारा, सगळं असतं खाली. बुंध्यावर नाव अडकली तर घाबरून एका बाजूला झुकू नका, जागेवर बसूनच मागे वल्हवा.

धुकं :
थंडीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. हवा उबदार आहे म्हणजे पाणी उबदार असं नसतं, खोल जलाशयात तर वरचा थर तापलेला आणि काही मीटर खाली पाणी गार. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर पडल्याबरोबर श्वास आपोआप आत ओढला जातो, आपल्या हातात नसतं ते, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. गॉर्डन गिझब्रेख्ट म्हणून कॅनडातले प्राध्यापक आहेत, थंड पाण्याचा अभ्यास करणारे, त्यांचं एक-दहा-एक लक्षात ठेवायला सोपं आहे. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, बाकी काही करायला जायचं नाही, नुसतं तरंगायचं. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात नावेवर चढायचं. आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. हे अगदी बर्फासारख्या पाण्याचे आकडे आहेत, पण क्रम हाच. लोक बहुधा गारठून नाही तर पहिल्या काही मिनिटांतच बुडतात, आणि त्या पहिल्या मिनिटात अंगावरचं जॅकेटच उपयोगी पडतं. सहज_सुचलं, म्हणून ते मागे खोचू नका हो.

कपडे पाण्याच्या तापमानाचे घालायचे, हवेच्या नाही. सुती कपडा आणि जीन्स नको, भिजली की जड आणि वाळता वाळत नाही. पटकन वाळणारं सिंथेटिक, पाणी गार असेल तर अंगाला चिकटून ऊब धरणारा वेटसूट. पायात मागून पट्टा असलेलं काहीतरी, चपला गाळात राहतात. टोपी आणि सनस्क्रीन, ऊन पाण्यावरून पण तोंडावर येतं.

सहज_सुचलं :
ठीक आहे, जॅकेटचा मुद्दा पटला. काल खरंच पाण्यात घालायचा प्रयत्न केला, काठाजवळ, मुलगा शेजारी होता. एक बाही घालेपर्यंत दोनदा नाकात पाणी गेलं. यापुढे अंगावरच. काठावरची, आधीचा सल्ला मी मागे घेतो.

एक विचारायचं होतं, हवेच्या फुगवायच्या कयाक कशा असतात? ठेवायला जागा नाही.

पाणकोंबडी :
रुंद आणि स्थिर असतात, पडायची भीती कमी, आणि आत वेगवेगळे कप्पे असतात त्यामुळे एक फुटला तरी तरंगते. पण पाण्याच्या वर जास्त आणि आत कमी, म्हणून वारा तिला पानासारखी नेतो. खाली पंखासारखा स्केग लावायला विसरू नका, आणि पोहायच्या तलावात घ्यायचं खेळणं आणि कयाक यात गल्लत करू नका. हवा मापाने भरा, उन्हात काठावर ठेवणार असाल तर थोडी सोडा, तापून फुगते.

काठावरची :
आम्ही जाऊन आलो!! दोन सिट-ऑन-टॉप भाड्याने घेतल्या, एक दोघांची, एक एकटीची. पहिला दिवस नाखवा म्हणाले तस्सा, कंबरभर पाण्यात पडणे आणि चढणे. लेक पहिल्यांदा पडली आणि नाक पुसत म्हणाली आई परत. मी मात्र पहिल्या वेळी नावेच्या कडेला धरून उभीच, पडवेचना. मग नवऱ्याने नाव धरली, मी डोळे मिटले आणि बाजूला झुकले. गार पाणी, कानात गुडगुड आवाज, आणि दुसऱ्या क्षणी मी वर, जॅकेट खांद्यांना धरून उचलल्यासारखं वर आणतं हो. पाय कुठेच अडकले नव्हते. पहिले तीन प्रयत्न चढताना नाव अंगावर आली, चौथ्या वेळी पाय मारत आडवी झाले आणि नाव पोटाखाली ओढली, आणि चढले. पाणकोंबडी, तुमचं "नाव खाली सरकवायची" हे वाक्य मी पाण्यात मोठ्याने म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी काठाकाठाने फिरलो, सकाळी सातला. आधी पाच मिनिटं नुसतं बसलो, नाव भिंतीच्या दिशेला वाहत होती म्हणून विरुद्ध बाजूला निघालो. एका बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर पाणकावळा पंख पसरून बसला होता, आम्ही वल्ही मांडीवर ठेवली तरी नाव आपोआप त्याच्या दिशेने सरकत राहिली, अगदी जवळ, त्याच्या पंखावरचं पाणी गळताना दिसत होतं. लेक श्वास धरून बसलेली. तो क्षण विसरणार नाही मी.

एक अडचण आहे. एकटीच्या कयाकमध्ये माझी नाव सारखी डावीकडे जाते. सरळ जातच नाही. काय चुकतंय?

दोघं_एका_नावेत :
वा! वाचून फार आनंद झाला. सारखी एकाच बाजूला जात असेल तर आधी हात वल्ह्याच्या मधोमध आहेत का बघा, नकळत एका बाजूला सरकतात. दांडीला दोन ठिकाणी टेप लावून घ्या.

नाखवा :
अभिनंदन! डावीकडे जाते म्हणजे बहुतेक उजव्या हाताचा स्ट्रोक जास्त जोराचा किंवा जास्त रुंद पडतोय. उजवं पातं नावेच्या कडेजवळून सरळ ओढा, कमरेच्या मागे नेऊ नका. नजर नावेच्या टोकावर नको, लांबवरचं एक झाड धरा, टोकाकडे बघत राहिलं की वळल्याचं उशिरा कळतं आणि मग जास्तीचा जोर लागतो. आणि वारा उजवीकडून की डावीकडून होता ते आठवून बघा, चालती कयाक आपोआप वाऱ्याकडे तोंड करायला बघते. तेवढंच असेल तर तुमचं काहीच चुकत नाहीये, डाव्या बाजूला दोन-चार स्ट्रोक जरा रुंद मारा किंवा स्केग असेल तर खाली सोडा.

काठावरची :
हो!! वारा डावीकडूनच होता. शनिवारी परत जातोय, या वेळी टेप लावून.

नाखवा :
छान. परत आणल्यावर नाव उलटी करून पाणी काढा, भोकात शेवाळ-झुडपं अडकलं असेल तर तिथेच काढून टाका आणि पूर्ण वाळू द्या, एका जलाशयातली पाणवनस्पती दुसऱ्यात अशीच जाते. आणि फोन वॉटरप्रूफ पिशवीत, अंगावर. शिट्टी जॅकेटलाच बांधा, तीन वेळा वाजवली की मदत हवी असं समजतात, लेकीला पण सांगून ठेवा.